सहा इंच

वडगावात नाल्याचं पाणी उतरलं, त्याच्या तिसऱ्या दिवशी
मी भरमाण्णा बेन्नाळकराच्या दारात उभा,
हातात टेप, खांद्याला कॅमेरा,
बुटांत अजून शहापूरचा चिखल.
माझं काम मोजायचं.
जे मोजता येत नव्हतं ते सोडून
मी भिंतीवरची पाण्याची रेघ मोजली:
दोन फूट चार इंच.

वर घर, खाली चार माग.
लाकूड फुगलेलं, रुळावर अर्धी विणलेली साडी,
मोरपंखी, आणि तिच्या काठाला गाळाचा दुसरा काठ.
शेवंताबाईंनी डाळीच्या डब्यातून पॉलिसी काढली,
प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला रबर,
कोपऱ्यावर हळदीचं बोट.
अकरा वर्षांत एक हप्ता चुकला नव्हता.

पॉलिसी इंग्रजीत.
महापालिकेचा दाखला कन्नडात.
नुकसान मराठीत.
मी तिघांच्या मधे उंबऱ्यावर बसलो.

पहिल्याच पानावर होतं: राहतं घर.
माग कुठेच नव्हते.
एजंटाने विचारले नाहीत, यांनी सांगितले नाहीत.
फॉर्म भरला त्या दुपारीही खाली खटखट चालूच असणार,
इतकी रोजची
की कोणाला ऐकूच आली नाही.

‘चौतीस साड्या गेल्या,’ त्या म्हणाल्या.
मग आवाज खाली आणून: ‘आमच्या न्हवत्या पण.
सूत शेटचं, जर शेटची, आमची नुसती मजुरी.’
परक्याचा माल आपल्या छपराखाली असला
तर त्याच्यासाठी एक वेगळी ओळ लागते.
एकच ओळ.
शेट सोमवारी येणार होता.

ती ओळ असती तरी
माल जमिनीपासून सहा इंच वर हवा होता.
तो फरशीवर होता,
जिथे गेली तीस वर्षं असायचा.

भरमाण्णा इतका वेळ गप्प. मग म्हणाला,
‘घर सोळा लाखाचं, विमा आठाचा.
म्हणजे आठापर्यंत तरी सगळं मिळंल की.’
कसं सांगायचं?
अर्ध्या किमतीचा विमा म्हणजे
अर्धं छप्पर नव्हे, दादा.
प्रत्येक कौल अर्धं.

‘काय लिहूलालासा, साहेब?’
‘दिसतंय ते,’ मी म्हणालो.
खरं म्हणजे पानभर
मी कागदावर नसलेलंच लिहीत होतो.

रक्कम मंजूर झाली. इथे सांगत नाही.
तिच्यात एक माग येत नाही.

पुढच्या वर्षी त्याच गल्लीत एक मीटर जळाला,
म्हणून गेलो, तर शेवंताबाईंनी हाक मारली.
वर नवा एजंट बसलेला, पोरगा, अनगोळचा,
त्याच्या चहावर साय धरलेली.
खाली खानापुरी विटांवर फळ्या, फळ्यांवर गठ्ठे;
विटेची उंची त्यांनी पट्टी लावून पाहिली होती,
एक वीट पुरली नाही म्हणून दोन.

बोट ओळीवर. ‘हे मराठीत सांग.’
माग लिहिलेस? किती? चार नाही, आता तीन.
शेटचा माल? घर आजच्या भावानं?
पोरगा म्हणाला, ‘सगळं आत घेतलंय, अक्का. सही करा.’
‘सगळं आत कधी नसतंय.
बाहेर काय राहिलं, ते वाच.’

सीमेवर जन्म काढलेली बाई
रेघ कुठून गेली हे विचारल्याशिवाय
कागदाला बोट लावत नाही आता.

पोराने पान उलटलं.
बारीक अक्षरांची ती बाजू
बहुधा त्यानेही पहिल्यांदाच पाहिली.
खाली कुणीतरी माग सुरू केला.
त्याला ओरडून वाचावं लागलं.